माकोंडे शिल्पं, शेतानी आणि 'पारंपरिक कला' नावाचा घोळ

मुक्काम_दार

व्हॉट्सॅपवर सध्या एक फोटो फिरतोय. काळंभोर लाकूड, एकच डोळा, पोटातून निघालेला हात थेट तोंडात गेलेला, आणि खाली ओळ: 'आफ्रिकेतील हजारो वर्षांची अमूर्त शिल्पपरंपरा'. माझ्याकडे दोन-तीन ग्रुपांतून आला. मी टांझानियात दार-एस-सलामला (थोडक्यात 'दार') राहतो, अशा मूर्ती इथे येता-जाता दिसतात, म्हणून म्हटलं एकदा बैजवार लिहून टाकू.

हजारो वर्षं वगैरे काही नाही. फोटोतली शैली साधारण १९५९ साली याच शहरात सुरू झाली. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील तिच्यापेक्षा वयाने मोठे असतील.

ही माकोंडे लोकांची कला. रुवुमा नदी टांझानिया आणि मोझांबिकची सीमा आहे. तिच्या उत्तरेला नेवालाचं पठार, दक्षिणेला काबो देल्गादो प्रांतातलं मुएडाचं पठार. दोन्हीकडे माकोंडे. मातृवंशीय समाज, म्हणजे कूळ आईकडून चालतं. त्यांची उत्पत्तीकथा प्रत्येक गॅलरीच्या माहितीपत्रकात छापलेली असते: रानात एकटाच राहणाऱ्या एकाने लाकडाची बाई कोरली, रात्रीतून ती जिवंत झाली. नदीकाठी पहिलं मूल झालं ते गेलं, थोडं वर सरकले तर दुसरंही गेलं, शेवटी उंच पठारावर झालेलं तिसरं जगलं. कथा छान आहे. फक्त तिचा वापर आता 'हे लोक सृष्टीच्या आरंभापासून असंच कोरत आलेत' हे सांगायला होतो, आणि तिथेच गडबड सुरू होते.

कारण जुनं माकोंडे काम बघितलंत तर ते अमूर्त नाहीच! मापिको नाचाचे मुखवटे घ्या. अख्ख्या डोक्यावर शिरस्त्राणासारखे चढवायचे, हलक्या लाकडाचे. त्यांना खऱ्या माणसाचे केस चिकटवलेले, गालावर गोंदणासारख्या खुणा, वरच्या ओठात चकती. चेहरा इतका माणसासारखा की पाड्यावरचा कुणीतरी ओळखीचा वाटावा. मुलांच्या दीक्षाविधीनंतर हे नाच व्हायचे, अजून होतात. टांझानियाकडच्या माकोंड्यांत पोटावर बांधायचे मुखवटे होते, गर्भार बाईच्या धडाचे, बेंबीसकट. जर्मन अभ्यासक कार्ल व्हॉयले १९०६ साली या भागात फिरला होता, त्यानेही अशा वस्तू गोळा करून युरोपात नेल्या. म्हणजे जुनं काम वास्तवाच्या जवळचं आणि नवं काम मोडतोड केलेलं. व्हॉट्सॅपवाल्याने बरोबर उलटं धरलंय.

आता १९५९. मोझांबिकमधले माकोंडे बऱ्याच वर्षांपासून नदी ओलांडून टांगानिकात, म्हणजे आजच्या टांझानियाच्या मुख्य भूभागात, येत होते, मुख्यतः सिसालच्या, म्हणजे घायपाताच्या मळ्यांत मजुरीला. फावल्या वेळात कोरायचं आणि विकायचं. दारमध्ये मोहमद पीरा नावाचे भारतीय वंशाचे व्यापारी होते, ते कारागिरांकडून मूर्ती विकत घ्यायचे. त्यांच्याकडे काम आणणाऱ्यांत समाकी लिकांकोआ होता. गोष्ट सांगतात ती अशी: समाकीने नेहमीसारखी एक मनुष्याकृती केली, तिचा एक हात मोडला. आता ही कोण घेणार? मग त्याला स्वप्न पडलं म्हणतात. रानातल्या भुताने सांगितलं, आणखी मोडतोड कर. त्याने मोडलेला खांदा गोल करून टाकला, डोळा खोबणीसारखा कोरला, कान छाटला आणि तसाच पीरांकडे घेऊन गेला. पीरांना ती आवडली, त्यांनी आणखी करायला सांगितलं. तिथून 'शेतानी' शैली चालू झाली. स्वाहिलीत शेतानी म्हणजे भूत, आपल्या 'सैतान' शब्दाचाच भाऊ.

स्वप्नाचा भाग खरा की नंतर जोडलेला, तुम्ही ठरवा. पण माल नाकारला जाईल या धास्तीतून एक अख्खी शैली निघाली, हे मला स्वप्नापेक्षा जास्त आवडतं.

त्याच सुमाराची दुसरी शैली 'उजामा'. याकोबो सांग्वानी हाही मोझांबिकहून आलेला. कुस्ती जिंकलेल्या पैलवानाला त्याच्या सोबत्यांनी खांद्यावर उचललंय, असं शिल्प त्याने एका ओंडक्यातून काढलं. त्याचीच पुढे माणसांवर माणसं चढलेली, सहा-सहा फुटी खांबांसारखी शिल्पं झाली. सुरुवातीला नाव वेगळं होतं, दिमुंगो, ताकद अशा अर्थाचं. १९६७ ला राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंचा आरुशा जाहीरनामा आला, उजामा, म्हणजे एका कुटुंबासारखं मिळून राहायचा समाजवाद, हे सरकारी धोरण झालं आणि तेच नाव या खांबांना चिकटलं. आता एअरपोर्टपासून बँकेच्या लॉबीपर्यंत सगळीकडे उभे असतात.

माझं म्हणणं एवढंच: ही कला कारागीर आणि दुकानदार यांच्या मधल्या टेबलावर जन्मली. त्यामुळे ती खोटी ठरत नाही, पण 'प्राचीन' म्हणून खपवू नका.

---

सायली_के

मस्त लिहिलंय! वाचतेय. फोटो टाका ना, मापिकोचे पण.

---

रेघोट्या

छान धागा. चित्रकलेची विद्यार्थिनी म्हणून थोडी भर घालते.

शेतानीत आकृती पूर्ण गेलेली नसते. नाक, दात, स्तन, बोटं सगळं असतं, फक्त जागच्या जागी नसतं. एक नमुना मी नीट बघितलाय, मैत्रिणीच्या घरी आहे, साधारण हातभर उंचीचा. खालून सुरुवात केली तर एक मोठं पाऊल दिसतं. पोटरी वर जाता जाता निमुळती होते आणि कधी तिचा स्तन झाला कळतच नाही. तो स्तन लांब होत दुसऱ्या लहान आकृतीच्या तोंडात जातो, आणि त्या लहान आकृतीची पाठ म्हणजे मोठीचा जबडा! मधे दोन आरपार भोकं आहेत. मूर्ती फिरवली की भोकांचा आकार बदलतो आणि एका कोनातून ती रिकामी जागाच तिसरा चेहरा वाटते. समोरून एकदा बघून सोडून देण्यासारखी वस्तूच नाही ती. फोटोत हे येतच नाही, म्हणून फोटोत ती नुसती भयाण दिसते.

आता कुणीतरी पिकासोचं नाव काढायच्या आत मीच काढते. १९०७ मध्ये त्याने पॅरिसच्या त्रोकादेरोतल्या संग्रहालयात आफ्रिकी मुखवटे पाहिले, पुढे पश्चिम आफ्रिकेतल्या ग्रेबो लोकांचा मुखवटा त्याच्याकडे होता. त्यात डोळे खाचेऐवजी बाहेर आलेल्या नळकांड्यांसारखे असतात. १९१२ च्या पुठ्ठ्याच्या गिटारीत मधलं भोक त्याने तसंच नळकांडं करून बाहेर काढलं. तो सगळा मामला पश्चिम आफ्रिकेचा. माकोंडे पूर्वेचे, आणि शेतानी त्यानंतर पन्नास वर्षांनी आली. त्यामुळे 'पिकासोने हे बघून चोरलं' हा फॉरवर्ड आला तर तोही उडवा.

---

खवचट_खान

म्हणजे थोडक्यात टुरिस्ट माल. गिऱ्हाइकाला विचित्र आवडलं, कारागिराने विचित्र दिलं. गिऱ्हाइकाला जिराफ आवडला असता तर जिराफ दिला असता. याला कला म्हणायचं तर हमरस्त्यावरच्या प्लास्टरच्या गणपतीलाही म्हणा.

---

मुक्काम_दार

@खवचट_खान, जिराफही देतातच! फक्त ते दुसरे लोक. केनियात वामुन्यू भागातला मुतिस्या मुंगे पहिल्या महायुद्धाच्या वेळी टांगानिकात होता, तिथे कोरकाम शिकून गावी परतला आणि कांबा लोकांत तो धंदा पसरला. नैरोबीच्या दुकानांतले बहुतेक हरीण-जिराफ-गेंडे त्या परंपरेतले. एकाच बाजारातून एकीकडे जिराफ निघाला, दुसरीकडे शेतानी. बाजारच सगळं ठरवत असता तर दोन्हीकडे जिराफ निघाला असता ना?

बाकी बाजारात जन्मली म्हणून हलकी, हे मला पटत नाही. पोर्तुगीज अमदानीत हेच कारागीर मिशनऱ्यांसाठी मारिया आणि क्रूसावरचा येशू कोरत होते, साहेबांसाठी साहेबांचे अर्धपुतळे. ते गिऱ्हाईकच. त्याआधी मापिकोचा मुखवटा करणाऱ्यालाही नाचणाऱ्यांच्या मंडळींकडून मोबदला मिळायचाच.

आणि एक बघा. संग्रहालयात जुन्या मुखवट्याखाली काय लिहिलेलं असतं? 'माकोंडे, विसावं शतक.' करणाऱ्याचं नाव नाही. समाकी, सांग्वानी, लिलांगा ही नावं आपल्याला कळली ती बाजारामुळे. गोळा करणाऱ्या युरोपियन अभ्यासकाने नाव विचारलं नाही, दुकानदाराने विचारलं, कारण त्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच माणसाकडून माल हवा होता.

---

खवचट_खान

नावाचा मुद्दा चांगला आहे. तरी 'स्वप्नात भूत आलं' हे गिऱ्हाइकाला सांगायला बनवलेलं आहे यावर मी ठाम आहे.

---

मुक्काम_दार

त्यावर माझं काही भांडण नाही. कारागिरांशी बोलून अभ्यास केलेल्यांनीही लिहिलंय की शिल्पाची गोष्ट बऱ्याचदा विकताना तयार होते. गिऱ्हाईक विचारतं 'हा कोण?', कारागीर म्हणतो 'पाण्यातला शेतानी', आणि त्याच मूर्तीचा पुढच्या गिऱ्हाइकाला 'जंगलातला' होतो.

---

नाना_वखारवाले

लाकडाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमची पिढीजात वखार.

याला लोक 'एबनी' म्हणतात ते चूक. खरी एबनी म्हणजे आबनूस, ती आपल्या टेंभुर्णीच्या कुळातली; विडीची पानं ज्याची येतात ते तेंदूचं झाड. माकोंड्यांचं लाकूड म्पिंगो, ते शिसवाचं भावंड. आपल्या कोकणात आणि सह्याद्रीत काळा शिसव होतो त्याच्याच जातकुळीतलं, शास्त्रीय नावात दोघांचंही आडनाव डाल्बर्जिया. पण म्पिंगोपुढे शिसव मऊ. घनफुटाला साधारण ३५ किलो भरतं, सागाच्या जवळजवळ दुप्पट. पाण्यात टाकलं की सरळ तळाशी जातं.

झाड मात्र दिसायला अगदीच किरकोळ. काटेरी, वाकडंतिकडं, एका बुंध्यातून अनेक फांद्या, खोडाला खाचा, आणि गाभा बऱ्याचदा पोकळ. फूटभर व्यासाचं सरळ खोड मिळालं तर नशीब. वाढायला ७०-८० वर्षं सहज लागतात. आता रेघोट्याताईंनी वर्णन केलेली मूर्ती आठवा. ओंडकाच वाकलेला, मधे पोकळ आणि एका बाजूला खाच असलेला असेल, तर त्यातून सरळ उभी बाई काढायला निम्मं लाकूड फेकावं लागेल. वाकड्या लाकडात वाकडं भूत मस्त बसतं. कलेचं मला कळत नाही, पण हातात असा ओंडका आला तर मीही दुसरं काही काढणार नाही.

सनई-क्लॅरिनेटच्या धंद्यातल्यांना हे लाकूड माहीत असेल. परदेशी क्लॅरिनेट, ओबो, स्कॉटिश बॅगपाइप्सच्या नळ्या याच लाकडाच्या करतात. त्यांना सरळ, निर्दोष तुकडा लागतो. कारागिरांना उरलेलं वेडंवाकडं चालतं.

---

रेघोट्या

नाना, हे भारीच! मी इतका वेळ त्या भोकांचं 'अवकाशाची रचना' वगैरे करत होते आणि तिथे मुळात लाकूडच पोकळ असेल.

---

नाना_वखारवाले

दोन्ही असेल हो. पोकळी लाकडाने दिली, चेहरा माणसाने काढला.

---

पणजीकर

आमचा या देशाशी जुना संबंध. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्यातून चालायचा, आणि नंतरही गोंयकार तिकडे कारकून, डॉक्टर, शिक्षक म्हणून जात राहिले. आमच्या नात्यातले एक जण उत्तरेत नाम्पुलाला होते. तिथे राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय आहे, १९५६ पासूनचं. माकोंडे मुखवट्यांचा मोठा संग्रह, आणि संग्रहालयाच्या मागच्या अंगणात कारागीर बसून कोरतात. आत काचेत मापिको, बाहेर ताज्या छिलक्यांचा ढीग. जाणार असाल तर चुकवू नका.

मापिकोबद्दल एक सांगतो. नाचणारा मुखवटा तोंडावर नाही, डोक्यावर तिरका चढवतो आणि मुखवट्याच्या तोंडाच्या फटीतून बघतो. अंग कापडाने पूर्ण झाकलेलं. आत गावातलाच पुरुष आहे हे बायकांना आणि दीक्षा न झालेल्या पोरांना कळू द्यायचं नाही असा नियम. कळत सगळ्यांनाच असणार. पण कळलंय असं दाखवायचं नाही. आणि हे मुखवटे नुसते पूर्वजांचे नसतात: पोर्तुगीज अधिकारी, हिंदी दुकानदार, मिशनरी, पुढे सैनिक, ज्याची टिंगल करायची त्याचा मुखवटा. पगडीवाले, दाढीवाले, गोऱ्या रंगाचे सगळे सापडतात.

---

इतिहासवेडा

लढ्याचा भाग राहिलाच की. १६ जून १९६० ला मुएडात पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी जमावावर गोळीबार केला. मृतांच्या आकड्यावर अजून वाद आहे, पण त्या घटनेनंतर पठारावरचे अनेक जण नदी ओलांडून टांगानिकात आले. १९६२ ला फ्रेलिमोची, म्हणजे मोझांबिकच्या मुक्तिआघाडीची, स्थापना झाली ती दार-एस-सलाममध्येच, एदुआर्दो मोंडलानेंच्या नेतृत्वाखाली. सप्टेंबर १९६४ ला सशस्त्र लढा सुरू झाला तो माकोंडे भागातून. फ्रेलिमोने कारागिरांच्या सहकारी संस्था उभ्या केल्या, शिल्पं दारमध्ये विकली जायची आणि पैसा चळवळीला. १९७५ ला मोझांबिक स्वतंत्र झाला.

म्हणजे शेतानी आणि उजामा ज्या काळात फुलली तो नेमका हाच काळ. शिल्पं करणारे बरेचसे निर्वासित किंवा स्थलांतरित. @खवचट_खान, टुरिस्ट माल म्हणताना हेही हिशोबात धरा. टुरिस्टाच्या पैशावर लढाई चालली होती.

---

खवचट_खान

पैसा कुठे गेला यावरून शिल्प चांगलं ठरत नाही. पण माहिती नवी होती, धन्यवाद.

---

सायली_के

मी अगदी व्यावहारिक प्रश्न विचारते. दिरांनी तिकडून एक शेतानी आणलीय. सासूबाई ती घरात ठेवू देत नाहीयेत. नाव ऐकूनच 'सैतान घरात नको' म्हणाल्या. सध्या बिचारा गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे आहे. काय सांगू त्यांना?

---

मुक्काम_दार

सायली, सासूबाईंना सांगा हे आपल्या मुंजा-वेताळाच्या पंगतीतले. सगळेच वाईट नाहीत. काही खोडकर, काही नुसते हावरट, काही मदतही करतात. पूजेची वस्तू तर मुळीच नाही. विकायला केलेली आहे, आत कुणाला बसवलेलं नाही. तरी नकोच म्हणाल्या तर वाद घालू नका, घर त्यांचंही आहे. फक्त वॉशिंग मशीनमागून काढा. दमट आणि गरम जागा या लाकडाला वाईट.

---

खटपटी_जोशी

मी पुढच्या महिन्यात कामासाठी दारला येतोय. चांगलं काम कुठे मिळेल? नकली कसं ओळखायचं? भाव किती करायचा?

---

मुक्काम_दार

म्वेंगेला जा. कारागिरांची वसाहत आहे, दुकानांच्या रांगा आणि मागे काम चालू असतं. सकाळी जा, मागच्या बाजूने शिरा. पुढच्या दुकानात भाव करायला जाण्याआधी तासभर नुसते बसून बघा.

माणूस जमिनीवर पाय पसरून बसतो, ओंडका दोन्ही तळपायांमध्ये दाबून धरतो. आधी कोयत्याने आणि वाकसाने घाव. कागदावर रेखाटन नाही, लाकडावर खडूची रेघ नाही. वाकस स्वतःच्या नडगीकडे येतो आणि नडगीच्या चार बोटं अलीकडे थांबतो, दर वेळी. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पहिले छिलके पिवळट पांढरे पडतात, मग एका घावाला एकदम काळा गाभा उघडतो, जांभळी झाक असलेला. तिथून पुढे पटाशी आणि मोगरी, मग कानस, शेवटी काचपेपर. भुकटी बारीक आणि जांभळट, नाकात गेली की शिंका. शेजारचा पोरगा फक्त घासायचं काम करतो. तो दिवसभर एकच मूर्ती घासत असतो आणि खरं सांगायचं तर त्या झळाळीचं अर्धं श्रेय त्याचं.

ओळखायचं कसं: हातात घ्या. म्पिंगो अपेक्षेपेक्षा जड लागतं, फसवणूक इथेच उघडी पडते. हलकं लागलं तर दुसरं लाकूड बूटपॉलिश मारून काळं केलंय. बुड उलटं करून बघा, तिथे घासलेलं नसतं, खरा रंग दिसतो. ओला पांढरा रुमाल फिरवा. थोडं पॉलिश खऱ्यालाही लावतात, त्यामुळे किंचित डाग आला म्हणून लगेच नकली म्हणू नका. काही जण सालीलगतचा पांढरा पट्टा मुद्दाम ठेवतात, केसांसाठी किंवा पाठीसाठी. तो असेल तर निश्चिंत राहा, दोन रंगांचं लाकूड पॉलिशने करता येत नाही.

भावाचं मी सांगणार नाही. पण ज्याने केलं त्याच्याच हातात पैसे देता आले तर द्या, आणि नाव विचारा.

---

नाना_वखारवाले

जोशीसाहेब, आणताना: २०१७ पासून अख्खी डाल्बर्जिया जात सायटीस नावाच्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारात आहे. आपला शिसवही त्यात आला, त्यावरून आपल्याकडच्या हस्तकला निर्यातदारांनी बरीच ओरड केली होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर १० किलोपर्यंत लाकूड असलेल्या तयार वस्तूंना सूट आहे. म्हणजे हातातली मूर्ती चालेल. सहा फुटी उजामा खांब मनात असेल तर आधी कागदपत्रांची चौकशी करा. पावती नक्की घ्या, त्यावर तयार वस्तू असं लिहून घ्या. कोरा ओंडका आणायच्या भानगडीत पडू नका.

झाडतोडीबद्दलही बोललं पाहिजे. टांझानियाचं हे राष्ट्रीय झाड, आणि सोपं, रस्त्यालगतचं लाकूड केव्हाच संपलंय. किल्वा भागात गावांनी आपापली जंगलं राखून मोजून तोड करायची पद्धत बसवली आहे, त्यांना आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालंय. पण कोरणाऱ्यांना परवडतं ते लाकूड तिथलंच असेल याची खात्री कोण देणार?

---

रेघोट्या

जॉर्ज लिलांगाचं नाव वर आलं पण त्याच्यावर कुणी लिहिलं नाही. जन्म १९३४, माकोंडे, दक्षिण टांझानियातला. १९७० च्या दशकात दारच्या न्युम्बा या सना या कलाकेंद्रात रात्रीचा वॉचमन म्हणून लागला. काका ऑगस्टिनो मलाबा तिथे कोरायचे. मग लिलांगाने शेतानी लाकडातून उचलून कापडावर, काचेवर, हार्डबोर्डवर आणले. भडक रंग, मोठे कान, दोन बोटांचे पाय, आणि सगळे सतत कशात तरी गुंतलेले: कुणी भांडतंय, कुणी दवाखान्याच्या रांगेत. २००५ ला गेला तोवर युरोप-अमेरिकेत पोचला होता.

मोझांबिकचा जॉन फुंडी १९८९ च्या पॅरिसमधल्या त्या गाजलेल्या प्रदर्शनात होता, जिथे पाश्चात्त्य आणि इतर देशांतल्या कलाकारांना पहिल्यांदा इतक्या मोठ्या प्रमाणात शेजारी शेजारी मांडलं. त्याचं काम तिथे गेलं ते समकालीन शिल्पकाराचं म्हणून. प्राचीन-बिचीनचा प्रश्नच आला नाही.

आणि बायका? लाकूड पुरुषांचं, माती बायकांची, अशी वाटणी आहे. रेनाटा सादिम्बा ही मुएडा पठारावरची, जन्म १९४५. मडकी करणारी बाई. लढ्यात होती, नंतर तिने मडक्यांना तोंडं, हात, गर्भ फुटवायला सुरुवात केली. गावात तिला वेड्यात काढलं. आज मापुतोत तिचं नाव सगळ्यांना माहीत आहे. मला विचाराल तर शेतानीच्या खऱ्या वारशावर तिचा हक्क पुरुषांइतकाच आहे, लाकडाला हात न लावता.

---

पणजीकर

+१ रेनाटासाठी. तिच्या आकृत्यांवरच्या चेहऱ्याच्या खुणा तिच्या स्वतःच्या चेहऱ्यावर आहेत तशाच.

---

खवचट_खान

एक शेवटचं. माझा आक्षेप कलेवर कमी, नकलेवर जास्त आहे. समाकीचं पहिलं शिल्प नवं होतं. त्यानंतर हजारो जणांनी तोच एक डोळा, तोच लांब स्तन कोरला. त्यातलं किती काम बघण्यासारखं आहे?

---

मुक्काम_दार

फार थोडं. म्वेंगेत रांगेने शंभर उभे असतात त्यातले नव्वद मीही उचलणार नाही. उजामाचं तर आणखी वाईट, साच्यातून काढल्यासारखे खांब. चांगला उजामा ओळखायचा असेल तर मधल्या माणसांकडे बघा. साधारण कारागीर वरचा आणि खालचा माणूस नीट करतो, मधल्यांची नुसती डोकी चिकटवतो. चांगल्या कामात मधल्या प्रत्येकावर वजन आलेलं दिसतं, कुणाचा खांदा दबलाय, कुणी दुसऱ्याच्या पायाला धरून तोल सावरतोय.

---

सायली_के

अपडेट: सासूबाईंनी हॉलमध्ये ठेवायला परवानगी दिली, पण तोंड भिंतीकडे करून. आणि बुडापाशी एक चीर दिसतेय, बोटाच्या पेराएवढी. आधी नव्हती. काय करू?

---

नाना_वखारवाले

लाकूड पुरतं वाळायच्या आत कोरलेलं असणार, बहुतेक बाजारी मूर्तींचं तेच होतं. फेव्हिकॉल भरू नका, पांढरी रेघ दिसते आणि पावसाळ्यात लाकूड फुगलं की शेजारी नवी चीर पडते. ऊन आणि एसीचा झोत दोन्हींपासून लांब ठेवा. महिन्यातून एकदा सुती फडक्याला थोडंसं मेण किंवा जवसाचं तेल लावून पुसा, चिरेच्या कडांना जरा जास्त. एक पावसाळा जाऊ द्या. त्यानंतर चीर वाढली नसेल तर काळं मेण भरून टाका, आणि वाढलीच तर फोटो टाका, बघू.